खराटा आणि खतपत्र : गाडगेबाबांचे विश्वस्त-जीवन

२० डिसेंबर १९५६ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अमरावतीकडे निघालेली मोटार वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी आली आणि तेथेच गाडगेबाबांचा श्वास थांबला. ऐंशी वर्षांच्या त्या आयुष्यात मालमत्ता म्हणून जमा करावे असे त्यांच्याजवळ काही नव्हते. चिंध्यांचे वस्त्र, हातातली काठी, खराटा आणि जेवायला व पाणी प्यायला मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्याच वेळी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर आणि मुंबई येथे त्यांच्या शब्दाखातर लोकांनी दिलेल्या पैशांतून उभ्या राहिलेल्या धर्मशाळा, सदावर्ते, शाळा आणि वसतिगृहे नांदत होती. त्यांतल्या एकाही विटेवर त्यांनी आपला किंवा आपल्या घरच्यांचा हक्क ठेवला नव्हता.

संस्थेची स्मरणिका निघते तेव्हा तीत इमारतींची छायाचित्रे येतात, देणगीदारांची नामावली येते, वर्षांचा जमाखर्च येतो. ते योग्यच आहे. परंतु आम्ही इतिहासाचे शिक्षक. अशा प्रसंगी आमचे मन मागे जाते आणि विचारते की, लोकांच्या पैशांतून उभे राहिलेले हे सर्व नेमके कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वऱ्हाडातल्या, एका निरक्षर माणसाने आपल्या आयुष्याने दिले आहे. त्यांच्या खराट्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्या खराट्याइतकाच मोलाचा त्यांचा दुसरा वारसा, म्हणजे सार्वजनिक मालमत्तेचा सांभाळ, मात्र बहुधा उल्लेखापुरता राहतो. तो येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, आजच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगाव येथे झाला. जात परीट, गावगाड्यात इतरांचे मळलेले कपडे धुण्याचे काम जिच्या वाट्याला ठेवले होते ती. वडील दारूच्या व्यसनात गेले आणि आई सखुबाई लहानग्या डेबूजीला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे आली. मामा चंद्रभानजींच्या घरी हा मुलगा वाढला. गुरे राखणे, औत हाकणे, निंदणे, खुरपणे, पिकाची राखण करणे हीच त्याची शाळा. पाटी कधी हातात आली नाही. पुढे ज्या माणसाने मुलांच्या शिक्षणासाठी गावोगाव हात जोडले, त्याला स्वतःला अक्षराची ओळख नव्हती, ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

त्या काळचे वऱ्हाड कापसाचे होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, जिनिंग आले, आणि त्यांच्या मागोमाग सावकाराची वहीही खेड्यात शिरली. भाव असताना काढलेले कर्ज भाव पडल्यावर फिटत नसे. त्यातही ज्याला वाचता येत नाही त्याचे कर्ज तर कधीच फिटत नसे, कारण ते किती फिटले हे लिहिणारा सावकारच असे. चंद्रभानजींचे असेच झाले. ते कर्ज फेडत राहिले, पण कागदात काय लिहिले आहे ते त्यांना कळले नाही. शेवटी जमीन सावकाराच्या नावावर गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले.

डेबूजी तेव्हा तरुण होता. त्याने त्या शेतातले औत सोडले नाही. सावकार माणसे घेऊन ताबा घ्यायला आला तेव्हा तो आडवा उभा राहिला. गावात सावकारापुढे कोणी मान वर करीत नसताना एका परटाच्या पोराने केलेला हा विरोध त्या मुलखात बराच काळ आठवला गेला. आम्हांला या प्रसंगात त्यांच्या पुढच्या आयुष्याचे बीज दिसते. एका कागदाने घराची जमीन कशी जाते, हे त्यांनी विशीच्या आत पाहिले. पुढे कर्ज काढू नका, ऋण काढून सण करू नका, मुलांना शिकवा, त्यासाठी घरातली भांडी विकावी लागली तरी विका आणि भाकर हातावर घेऊन खा, असे ते कीर्तनातून सांगत. त्या सांगण्यामागे पोथीतला उपदेश नव्हता, दापुऱ्याच्या शेताच्या बांधावरचा अनुभव होता. आणि पुढे आपल्या हातून जे उभे राहिले त्याचे कागद नीट करून ते लोकांच्या हाती देण्याची जी दक्षता त्यांनी दाखवली, तिचे मूळही आम्हांला तेथेच दिसते.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिली मुलगी आलोका हिच्या बारशाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी बकरे कापायचे आणि दारू वाटायची. घरात त्याच दारूने बाप गेलेला. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. पाहुणे रुसले, जातपंच चिडले. पण तो हटला नाही. त्याचा पहिला सत्याग्रह स्वतःच्या जातीशी आणि स्वतःच्या अंगणात झाला. सुधारणा शेजाऱ्याच्या घरापासून सुरू करणारे पुष्कळ असतात. आपल्या घरातून आरंभ करणारे थोडे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. त्यानंतर सुमारे बारा वर्षे ते भटकले. अंगात चिंध्यांचे शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडग्याचे खापर. या गाडग्यावरून लोकांनीच त्यांना गाडगेबाबा हे नाव दिले. गावात शिरले की ते कोणाच्या ओसरीवर बसत नसत. खराटा घेऊन रस्ते झाडत, तुंबलेली गटारे मोकळी करीत. कोणी भाकर दिली तर आधी काम मागत. संध्याकाळी त्याच स्वच्छ केलेल्या जागेवर कीर्तन होई. टाळ-मृदंगांचा थाट नसे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. देव कोठे आहे, नवसाने मूल होते काय, बकऱ्याचा जीव घेऊन कोणता देव संतुष्ट होतो, शिवताशिवत पाळणाऱ्याचे रक्त वेगळ्या रंगाचे असते काय, असे ते प्रश्न असत. श्रोते हसत, मग गप्प होत आणि घरी जाताना विचार करीत. पाया पडायला येणाऱ्यांना ते काठीने पिटाळून लावीत. पंढरपूरला दरवर्षी जात, चंद्रभागेचे वाळवंट झाडत, आणि देवळात न जाता परत फिरत.

या भटकंतीच्या आरंभीच्या वर्षांतच त्यांच्या हातून पहिले मोठे सार्वजनिक काम झाले, ते ऋणमोचनला. पूर्णेच्या काठचे हे गाव. पौष महिन्यातील रविवारी तेथे जत्रा भरते. आपला हा पट्टा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी मचूळ, म्हणून नदीचे मोल येथे अधिक. त्या नदीवर उतरायला नीट वाट नव्हती. चिखलाच्या घसरणीवरून म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. जत्रा दरवर्षी भरे, माणसे दरवर्षी पडत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. डेबूजीने कुदळ-फावडे घेतले आणि एकट्याने ती दरड सारखी करायला सुरुवात केली. पाहणाऱ्यांपैकी काहींना लाज वाटली, ते मदतीला आले. पुढे १९०८ साली तेथे पक्का घाट झाला.

आज नदी, पाणी, गावाची सामाईक जमीन यांच्या रक्षणाला मोठी नावे आहेत. पर्यावरण आणि सामाजिक न्याय यांसाठी निधी देणारे खाजगी धर्मादाय न्यास देशोदेशी आहेत. त्यांचे भांडवल बहुधा एखाद्या धनिकाच्या संपत्तीतून येते. गाडगेबाबांच्या न्यासाचे भांडवल निराळे होते. घाम आधी, पैसा नंतर, असा त्यांचा क्रम होता. माणूस आधी स्वतः खपतो हे लोकांनी पाहिले, म्हणून त्यांनी पैसा दिला. आणि नदीचा काठ, गावचा रस्ता, विहिरीचे आवार या कोणाच्याच नसलेल्या जागा वस्तुतः सर्वांच्या असतात, म्हणून त्यांची काळजीही सर्वांनीच घ्यायची असते, ही शिकवण ऋणमोचनच्या घाटाने दिली.

पुढे मूर्तिजापूरला १९२५च्या सुमारास त्यांनी गोरक्षणाचे काम केले, तेथे धर्मशाळा आणि विद्यालय उभारले. गोरक्षण या शब्दाला आज जे रंग चढले आहेत ते बाजूला ठेवून हे पाहिले पाहिजे. ते शेतकऱ्याच्या भाकड, म्हाताऱ्या, दुष्काळात उपाशी पडलेल्या जनावरांचे आश्रयस्थान होते. त्यांची करुणा गाईवर थांबली नाही. जत्रांतून देवापुढे कापल्या जाणाऱ्या कोंबड्या-बकऱ्यांचे जीव वाचावेत म्हणून त्यांनी अनेक ठिकाणी लोकांची मने वळवली.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही त्यांच्या कार्यातील आपल्या समाजाशी सर्वांत जवळची गोष्ट. वारीला लाखो माणसे येत. त्यांत अस्पृश्य मानले गेलेलेही असत. देऊळ त्यांना बंद, मठ बंद, धर्मशाळा बंद. ऊन असो, पाऊस असो, वाळवंटात उघड्यावर पडावे लागे. त्यांच्यासाठी १९१७च्या सुमारास गाडगेबाबांनी ही धर्मशाळा बांधली. विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे ही धर्मशाळा किती आधी उभी राहिली ते कळेल. देवाचे दार उघडण्यापूर्वी तीस वर्षे एका परटाने माणसाचे दार उघडले होते.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक शंका टाळू नये. वेगळी धर्मशाळा बांधणे म्हणजे वेगळेपण मान्य करणे नव्हे काय? पंढरपूरला त्यांनी मराठा समाजाची आणि परीट समाजाचीही धर्मशाळा उभी केली. म्हणजे जातवार निवाऱ्याच्या त्या काळच्या चौकटीतच हे काम झाले. ही मर्यादा आम्ही नाकारीत नाही. त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मार्ग वेगळा होत होता. १९२७च्या नोव्हेंबरात अमरावतीत वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तीत गाजला. १९३०च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब हक्क मागत होते. गाडगेबाबा निवारा देत होते. हक्काशिवाय निवारा दयेवर टिकतो, हे खरे. पण हक्क मिळेपर्यंत पावसात भिजणाऱ्या माणसाला छप्पर लागते, हेही तितकेच खरे. शिवाय जेथे जेथे गाडगेबाबांचे अन्नदान चाले तेथे पंगत एकच असे. जातीनुसार बसलेल्या पंगतीत ते जेवत नसत. अशी एकेक पंगत मोडून त्यांनी लोकांच्या मनातली चौकट सैल केली.

नाशिकचे नाव आले म्हणून एक जुनी नोंद सांगावीशी वाटते. गोदाकाठच्या या नगरात गाडगेबाबांनी मोठी धर्मशाळा बांधली. तेथे आंधळे, पांगळे, महारोगी यांना अन्नवस्त्र मिळे. याच नगराजवळ पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी बौद्ध लेणी आहेत. तेथील सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एका शिलालेखात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने दिलेल्या अक्षयनिधीची हकिगत कोरलेली आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. त्यांपैकी २०००वर दरमहा शेकडा १ व्याज ठरले. म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण त्यातून मिळत. हिशेब चोख जुळतो. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे, असे ठरले. आणि हे सर्व निगमसभेत ऐकवून नोंदवहीत नोंदवले गेले. लेणे दिले ते चारी दिशांच्या संघाला. म्हणजे आलेल्या आणि अजून न आलेल्या, सर्वांना. कोणा एका भिक्खूला नाही.

आपल्या भूमीत सार्वजनिक दानाची ही रीत इतकी जुनी आहे. दान द्यायचे ते व्यक्तीला नाही, उपयोगाला. त्याची अट स्पष्ट लिहायची. हिशेब चारचौघांत ठेवायचा. आणि आपण संपल्यावरही ते चालेल अशी व्यवस्था करायची. हा शिलालेख गाडगेबाबांनी कधी वाचला नसणार, कारण त्यांना कोणताच लेख वाचता येत नव्हता. पण ते वागले ते याच रीतीने. धर्मशाळेसाठी आलेला पैसा त्याच धर्मशाळेला लागे. विश्वासू माणसांचे विश्वस्तमंडळ नेमून ते इमारत त्यांच्या स्वाधीन करीत आणि पुढच्या गावाची वाट धरीत. स्वतः त्या धर्मशाळेच्या खोलीत न राहता बाहेर कोठेतरी पथारी टाकीत. अन्नछत्रात हजारो पाने उठत असताना स्वतः मागून आणलेली भाकर एका कडेला बसून खात.

या वृत्तीची किंमत त्यांच्या घरच्यांनी मोजली, हेही सांगितले पाहिजे. आई, पत्नी आणि मुली यांना संस्थेच्या वैभवाचा वाटा मिळाला नाही. त्यांनी कष्टांत दिवस काढले. मुलगा गोविंद १९२३ साली कुत्रा चावून मुंबईत गेला. ती बातमी आली तेव्हा गाडगेबाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. बातमी ऐकूनही त्यांनी कीर्तन पुरे केले. या प्रसंगाचा गौरव करताना आमची लेखणी थोडी अडखळते. एका बापाच्या विरक्तीला लोक वंदन करतात. त्या मातेच्या दुःखाला कोणी पुतळा उभारत नाही. कुंताबाईंचे नाव या स्मरणात आदराने घेतले पाहिजे, कारण ज्या निःस्वार्थाची आपण वाखाणणी करतो त्याचा अर्धा भार त्यांनी, कोणी न विचारता, वाहिला.

बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांचा परस्परांविषयीचा आदर सर्वश्रुत आहे. एक कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला विद्वान, दुसरा अंगठाबहाद्दर. एकाने ग्रंथांचा आणि कायद्याचा आधार घेतला, दुसऱ्याने खराट्याचा आणि कीर्तनाचा. तरी गाडगेबाबा कीर्तनात बाबासाहेबांच्या विद्येचा दाखला देत आणि शिकलात तर तुमचीही मुले अशी होतील, असे समोरच्या फाटक्या माणसांना सांगत. १९४९च्या जुलैत गाडगेबाबा मुंबईत आजारी असताना, त्या वेळी देशाचे कायदेमंत्री असलेले बाबासाहेब त्यांना भेटायला गेले. त्यांनी नेलेल्या दोन घोंगड्या, कोणाकडून काही न घेणाऱ्या गाडगेबाबांनी घेतल्या, असे सांगितले जाते. आणि त्याच वर्षी गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

या दानाचा अर्थ थोडा थांबून समजून घेतला पाहिजे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली होती. १९४६ साली मुंबईत तिचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय उभे राहिले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. गाडगेबाबांनी तीस वर्षांपूर्वी वारकऱ्याच्या निवाऱ्यासाठी बांधलेली वास्तू आता शिक्षणसंस्थेला दिली. वारीला येणाऱ्याला रात्रभराचे छप्पर लागत होते. नव्या पिढीला शिक्षणाचे छप्पर लागणार, हे त्यांनी ओळखले. काळ बदलला तेव्हा दानाचा उपयोग बदलण्याची त्यांची तयारी होती. आणि आपल्या हयातीतच, आपल्या हाताने, दुसऱ्याच्या संस्थेला दिली. संस्थापकांना हे सर्वांत अवघड जाते. ज्या कागदाने दापुऱ्याच्या मामांची जमीन गेली, तसाच एक कागद पुढे भाच्याने केला; पण त्यात घेणारा समाज होता आणि देणारा प्रसन्न होता.

वर्गात हा विषय शिकवताना एक प्रश्न आम्हांला दरवर्षी विचारला जातो. गाडगेबाबा बौद्ध का झाले नाहीत? मुलांच्या या प्रश्नाला आम्ही सोपे उत्तर देत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर ६७ दिवसांनी गाडगेबाबा गेले. ते अखेरपर्यंत कीर्तनकार राहिले आणि कीर्तनात देवाचे नाव घेत राहिले. त्यांना ओढून आपल्या रांगेत उभे करणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु फेकलेल्या चिंध्यांचे वस्त्र, भिक्षेचे पात्र, एका जागी न थांबणारे पाय, देवापेक्षा माणसाच्या दुःखाकडे लागलेली दृष्टी आणि संग्रहाचा पूर्ण त्याग, हे पाहून आपल्या माणसांना ते परके वाटले नाहीत. आदर ठेवायला एकच झेंडा लागत नाही, हे मुलांना कळले म्हणजे त्या तासाचे सार्थक झाले असे आम्ही मानतो.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात कामाला स्थायी रूप देण्याकडे त्यांनी लक्ष दिले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. तो काळही ध्यानात घ्यावा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली आला होता. न्यासाची नोंदणी, हिशेबांची तपासणी, विश्वस्त बदलले तर धर्मादाय आयुक्तांकडे कळवणे, ही बंधने कायद्याने आली. देवस्थाने आणि न्यास यांची मालमत्ता पिढीजात समजून बसलेल्या अनेकांना तो कायदा खुपला. गाडगेबाबांना त्यात जड वाटण्यासारखे काही नव्हते. जे कायदा आता सांगत होता ते त्यांनी आयुष्यभर पाळले होते. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. खेड्यातून रोग्याला घेऊन आलेला माणूस मुंबईत पदपथावर झोपतो, हे दुःख त्यांनी पाहिले होते. त्याच वर्षी रयत शिक्षण संस्थेने कराडला त्यांच्या नावाचे महाविद्यालय काढले. कर्मवीर भाऊराव पाटील आणि ते यांचे नाते जुने होते. आजही मिशनच्या आश्रमशाळांत भटक्या आणि आदिवासी समाजांतील मुले शिकतात, आणि मुंबईत दादरच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांना आसरा मिळतो. त्यांत आपल्या अकोला-अमरावतीकडची माणसेही असतात.

नोव्हेंबर १९५६मध्ये मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्यात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ती बातमी गाडगेबाबांच्या मनाला फार लागली, असे जुनी माणसे सांगत. अवघ्या चौदा दिवसांनी पेढीच्या पुलावर त्यांचाही प्रवास संपला. अमरावतीत ज्या भागात त्यांची समाधी आहे तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव मिळाले. राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले. शाळा न पाहिलेल्या माणसाच्या नावाची पदवी घेऊन आपली मुले बाहेर पडतात, हे त्यांच्या आयुष्याला साजेसेच झाले.

या नावांच्या गौरवात एक धोका मात्र दडलेला आहे आणि आपल्या समाजाने तो ओळखला पाहिजे. या देशात खराटा काही जातींच्या हातात जन्मतःच दिला गेला. गाडगेबाबांनी तो स्वखुशीने घेतला; म्हणजे कोणाच्या तरी कपाळी लिहिलेले काम त्यांनी सर्वांचे केले. त्यांच्या पुण्यतिथीला कोरे खराटे घेऊन छायाचित्रे काढायची आणि दुसऱ्या दिवशी गटारात त्याच जुन्या वस्तीतला माणूस उतरवायचा, हा त्यांच्या स्मृतीचा अपमान आहे. मैला हाताने उचलायला लावण्याविरुद्ध २०१३ साली नवा कायदा झाला, तरी गटारात माणसे मरतात. ज्या निवासी शाळेत मुले आपला वर्ग, आपले भोजनगृह आणि आपले शौचालय पाळीपाळीने स्वतः स्वच्छ करतात, आणि त्या पाळीतून ना शिक्षकाचा मुलगा सुटतो ना विश्वस्ताचा, तेथे गाडगेबाबांचा धडा चालू आहे असे समजावे.

आणि खराट्याबरोबर ते खतपत्रही. आपल्या संस्था मोठ्या कष्टाने उभ्या राहिल्या. कोणी दिवसाची मजुरी दिली, कोणी पोत्यातले धान्य दिले, कोणी पहिल्या पगारातून नोट काढून दिली. हा पैसा ज्याच्या हातात येतो त्याची कसोटी असते. आपल्या चळवळीत अशा संस्था आम्ही पाहिल्या आहेत, ज्या पहिल्या पिढीत समाजाच्या होत्या, दुसऱ्या पिढीत घराण्याच्या झाल्या आणि तिसऱ्या पिढीत न्यायालयात गेल्या. त्यांची नावे घेण्याचे हे स्थळ नाही. पण आपण माजी विद्यार्थी असाल, पालक असाल, पुढे कधी एखाद्या मंडळावर निवडून याल, तर तीन गोष्टी विचारण्याचा आपला हक्क आहे आणि ते आपले कर्तव्यही आहे. हिशेब चारचौघांत वाचला जातो काय? ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामाला तो लागतो काय? आणि आज जे खुर्चीवर आहेत ते उद्या उठून जातील तेव्हा संस्था तशीच उभी राहील काय? असे विचारणाऱ्याला संस्थेचा वैरी समजू नये. उषवदाताच्या काळी निगमसभेत हेच विचारले जात असणार.

पौषातल्या रविवारी ऋणमोचनला आजही गर्दी होते. नदीत पाणी असो वा नसो, माणसे घाट उतरून जातात. आम्ही विद्यार्थ्यांना तेथे नेतो तेव्हा काठावर बसवून एवढेच सांगतो की, या जागी एक माणूस एकटा खणत होता आणि पाहणारे पुष्कळ होते. मग मुलांना खराटे देतो आणि आम्हीही एक घेतो.